पायानं तपासलेली गाडी

अक्काची गाडी बंद पडायची तेव्हा आधी आवाज जायचा. धूर नाही, खडखड नाही, धक्कासुद्धा नाही. इंजिन घरघरत असायचं आणि पुढच्याच क्षणी नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उरायचा. समोर तेलाचा आणि बॅटरीचा लाल दिवा एकदम पेटायचा. त्या बुधवारी सकाळी सोलापूरबाहेर बाळ्याच्या पुलावर चढताना हेच झालं. मी तिच्या शेजारी बसले होते. मागं लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक होता.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांत जोर नाही. चालते ती पायांना बांधलेल्या कॅलिपरवर आणि कुबड्यांवर, गाडी चालवते ती हातांनी. गाडी जुनी, लहान, पेट्रोलवरची, दुसऱ्याकडून घेतलेली. घेतल्यावर ती हातानं चालेल अशी करून घेतली. स्टीअरिंगखाली उजव्या हाताला एक लोखंडी दांडा आहे. पुढं ढकलला की ब्रेक लागतो, स्वतःकडं ओढला की वेग वाढतो. क्लचची मूठ गिअरच्या दांड्यावरच आहे. खालची तिन्ही पेडलं काढलेली नाहीत. त्यामुळं पायांत जोर असलेल्या माणसालाही ती चालवता येते.

इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो. तुम्ही-आम्ही अंगाचा सगळा भार पायावर टाकून तो दाबू. अक्काकडं फक्त तिचा उजवा दंड. पुलाच्या चढावर गाडी थांबली आणि मागं सरकायला लागली. तिनं दोन्ही ओठ आत घेतले, दांडा ढकलून धरला आणि मला म्हणाली, "माझ्याकडं बघू नकोस. मागं बघ आणि बोलत राहा."

मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला आणि उजवीकडचा आरसा सोबत घेऊन गेला. मग अक्कानं डाव्या हातानं हँडब्रेक ओढला, दांडा सोडला, किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जणू मधे काही घडलंच नव्हतं. ती चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आठला दोन मिनिटं असताना आम्ही फाटकात होतो.

संध्याकाळी नायनांनी आरसा नसलेली गाडी बघितली. वडिलांना आम्ही नायना म्हणतो. घरात आमचं बोलणं तेलुगूत चालतं, पण आमचं भांडण पहिल्यापासून मराठीत होत आलंय. नायना गाडीभोवती एक फेरी मारून आत आले आणि म्हणाले, दुधनीचा एक व्यापारी जुनी गाडी बघतोय, त्याला रविवारी बोलावतो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गाडी जाणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडी यायच्या आधी सात वर्षं अक्का कारखान्याच्या बसनं जायची. बसच्या पायऱ्या उंच. दोन माणसं तिला दोन बाजूंनी उचलून वर ठेवायची. माणसं चांगली होती. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, वावगा हात लावला नाही. पण सात वर्षं रोज दोनदा तिला उचलून ठेवलं गेलं, आणि त्या सात वर्षांत तिनं कामाला जाताना कधीच इस्त्रीची साडी नेसली नाही. उचलल्यावर चुरगळणारच, असं म्हणायची.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती पुन्हा बसनं गेली. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले होते. माणसं नवीन होती, त्यांना कुठं धरायचं ते ठाऊक नव्हतं. एकानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं कॅलिपरलाच धरलं. अक्का त्यांना सांगत होती, इथं धरा, असं नाही, इथं. चेहरा अगदी साधा ठेवून. बस गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. माझ्या मुठी वळलेल्या होत्या आणि मारायला कोणी नव्हतं.

मारायला कोणीतरी असावं, ही माझी सवय आहे. आमच्या घरात वर्तमानपत्र उशिरा आलं, पत्रकं आधी. नायना गिरणीत होते तोवर आणि पुढं यंत्रमागावर गेल्यावरही पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, पाळी सुटायच्या वेळी वाटायचे. उरलेले गठ्ठे खाटेखाली असत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. नायना सांगायचे, पत्रकात तीन गोष्टी हव्यात: अन्याय कुणावर, करतो कोण, मागणी काय. मधलं नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, ते रडगाणं.

मला मधलं नाव सापडलं होतं. सात रस्ता चौकाच्या मागं गॅरेज असलेले चाचा.

चाचा पन्नाशीचे. इंजिन कानानं ओळखणारे. गाडीला हाताचा दांडा त्यांनीच बसवलेला. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी कोड वाचायचं यंत्र जोडलं. त्यात कॅम सेन्सर असं आलं. मला त्यांनी समजावलं होतं: इंजिन कुठल्या क्षणी कुठं फिरतंय हे हा सेन्सर गाडीच्या संगणकाला सांगतो. तो गप्प झाला की संगणक आंधळा होतो आणि ठिणगी द्यायचं थांबवतो. सेन्सर बदलला. आठवड्यानं गाडी पुन्हा बंद. पुन्हा तोच कोड, पुन्हा नवा सेन्सर, आधीचा खराब निघाला असेल म्हणून. मग सगळ्या अर्थिंगच्या जोडण्या घासून साफ केल्या, बॅटरीची टोकं बदलली, इंजिन चालू ठेवून वायरी हलवून बघितल्या. प्रत्येक वेळी ते स्वतः गाडी घेऊन जायचे, विजापूर रोडनं लांब चक्कर मारून यायचे, आणि गाडी एकदाही बंद पडायची नाही.

बुधवारी संध्याकाळी, आरसा गेल्यावर, मी एकटीच त्यांच्याकडं गेले. ते एका नटाला पाना लावत होते. मग म्हणाले, "एक बोलू का छोटी, राग नको मानू. मशीन ठीक हाय. मेरेकू तो लगता, बाईच्या हातानं क्लच सुटतोय. चढावर दमतो हात. माणूस हाय की शेवटी."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गॅरेजमधली इतर माणसं काम थांबवून ऐकत होती एवढं सांगते. मी निघताना चाचा म्हणाले की आरसा मागवून ठेवतो.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. मथळा होता 'दिव्यांग कामगार भगिनीची उघड फसवणूक'. दोन खोटे सेन्सर, अपंगपणावरून टोमणा, स्त्रीच्या हातावर अविश्वास, सगळं घातलं. खोटे सेन्सर याला माझ्याकडं पुरावा नव्हता. पण वाक्य असं बसलं होतं की ते खरंच असणार असं वाटत होतं. शंभर प्रती काढून शनिवारी सात रस्त्यावर वाटायच्या असं मी ठरवलं.

एक गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती. आठवड्यापूर्वी नायनांच्या सांगण्यावरून मीच गाडी चालवून बघितली होती. घरापासून चिंचोळीपर्यंत आणि परत. बाळ्याचा पूल दोन्ही वेळा चढले. घरी येऊन नायनांना सांगितलं होतं, माझ्या हातात तर छान चालते.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी अक्का खाटेवर बसून कॅलिपरचे पट्टे सोडत होती. मी तिला पत्रक वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"लई जोरात झालंय," ती म्हणाली. "यात मी काय करते?"

"तुझ्यावर अन्याय होतो."

"ते कळलं. मी करते काय?"

मी कागदावर पुन्हा नजर फिरवली. पूर्ण पत्रकात ती एकही गोष्ट करत नव्हती. फसवली जात होती, हिणवली जात होती, ताटकळत होती. बसमध्ये उचलून ठेवावं तशी मी तिला वाक्यावाक्यात उचलून ठेवली होती.

तिनं पर्स उघडली आणि कारखान्यातल्या तपासणीच्या चिठ्ठ्या काढल्या. पाठकोऱ्या. प्रत्येकीवर गाडी बंद पडल्याची एक नोंद. जागा, गिअर, चढ की सपाट, इंजिन तापलेलं की गार, आणि एका कडेला दांडा किती ओढला होता त्याची छोटीशी खूण. मला ही नोंद माहीत नव्हती. चाचांना तिनं दाखवली होती, त्यांनी "हौ हौ" म्हणून परत दिली. मला दाखवली नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

"टॉवेलमध्ये दोष आला की आमी आधी कापड नाही बघत," ती म्हणाली. "दोष किती अंतरानं परत येतो ते मोजतो. कुठंही येतो, कसाही येतो, तर तो सुताचा. ठराविक अंतरावर तोच येतो, तर सूत बिचारं चांगलं असतं, मागाचा कुठलातरी भाग फिरून फिरून तिथंच लागतोय. आता हे बघ."

चिठ्ठ्या तिनं खाटेवर ओळीनं मांडल्या. गावातल्या रस्त्यात एकही नाही. गार इंजिनावर एकही नाही. सगळ्या तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधल्या, चढावरच्या, आणि सगळ्यांवर दांड्याची खूण अर्ध्याच्या पलीकडं.

"चाचांनी चालवली, बंद पडली नाही. तू चालवलीस, बंद पडली नाही. कशानं चालवलीस?"

"म्हणजे?"

"पायानं की हातानं?"

उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही त्याच क्षणी ठाऊक झालं. पेडलं खाली होती, माझे पाय आपसूक त्यांच्यावर गेले होते. चाचांचेही गेले असणार. गाडी हातानं चालायची म्हणून बनवलेली आणि तपासलेली प्रत्येक वेळी पायानं. फरक हाताचा आहे हे आम्हा सगळ्यांनाच दिसलं होतं. त्यावरून आम्ही दोष अक्काच्या हाताला दिला. तिनं मात्र हातापासून इंजिनापर्यंत काय जातं, तिकडं बोट दाखवलं.

पत्रक मी घडी करून ठेवलं. फाडलं नाही; तेवढी मी मोठी झाले नव्हते.

शनिवारी अक्कानं रजा टाकली. गाडी घेऊन आम्ही दोघी गॅरेजवर गेलो. गावातून ती अगदी हळू, दांडा जेमतेम ओढत गेली. चाचांनी मला बघितलं आणि पाना खाली ठेवला. अक्का गाडीतून उतरली नाही. खिडकीतूनच म्हणाली की चाचा, आज गाडी माझ्यासारखी चालवून बघा. खाली पाय लावायचे नाहीत.

चाचांनी टोपी सारखी केली आणि मान डोलावली. अक्का शेजारच्या सीटवर सरकली, मी मागं बसले. गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी सुरुवात केली. गिअरवरची मूठ सोडली आणि गाडी बेडकासारखी उडी मारून थांबली. दुसऱ्यांदा चालली, पण वळताना त्यांचा उजवा पाय आपोआप पेडलवर गेला. अक्का म्हणाली, "पाय." त्यांनी पाय मांडीखाली दुमडून घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रेकसाठी दांडा ढकलायच्या ऐवजी ओढला आणि आम्ही पंक्चरवाल्याच्या टायरच्या ढिगाला जाऊन टेकलो. गॅरेजमध्ये कोणीतरी शिट्टी वाजवली.

चाचा कपाळ पुसत म्हणाले, "नक्को. हे माझ्यानं नाही व्हायचं. तुमीच चालवा अक्का, मी बसतो बाजूला." थोडं थांबून म्हणाले, "मी दांडा बसवला, पण कधी एक किलोमीटर चालवला नव्हता. खरं सांगतो."

ठरलं असं की एमआयडीसीच्या आतल्या रुंद रस्त्यांवर गाडी पळवायची. तिथं वर्दळ कमी, बंद पडली तर धोका नाही. तिथपर्यंत अक्का दांडा अर्ध्याच्या आत ठेवून गेली, चाळीसच्या पुढं नाही, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. आतल्या रस्त्यावर तिनं गाडी तापवली, पळवली, थांबवली, पुन्हा पळवली. गाडी बंद पडेना. दहा वेळा, पंधरा वेळा. महिनाभर आम्ही जी गोष्ट होऊ नये म्हणत होतो तीच आता घडावी म्हणून मी मागच्या सीटवर दात आवळून बसले होते. चाचा कान इंजिनाकडं लावून बसले होते. मधेच एकदा त्यांनी घड्याळ बघितलं. आता हे म्हणणार, बघा, ठीक हाय. मग रविवार, मग दुधनीचा माणूस.

"इथं चढ नाही," अक्का म्हणाली. "भार नाही. दांडा तेवढा ओढावाच लागत नाही. पुलावर जायला पाहिजे."

"पुलावर नक्को," चाचा म्हणाले. "ट्रक असतात."

"मी रोज जाते तितनंच."

ती फाट्यावरून हायवेला लागली, सोलापूरच्या दिशेनं. मला तिनं सांगितलं की मागच्या काचेतून बघत राहा आणि मोठी गाडी जवळ आली की नुसतं 'आली' म्हण, बाकी काही बोलू नकोस. बाळ्याचा पूल समोर दिसायला लागला. तिसरा गिअर. तिनं दांडा ओढला, अर्धा, मग अर्ध्याच्या पलीकडं. मागं एक बस होती, लांब. चढ सुरू झाला. निम्मा चढ गेला. काही झालं नाही. मी पुढं वळून बघणार एवढ्यात आवाज गेला.

लाल दिवे. टायरचा आवाज. मी म्हणाले, "आली."

चाचांचा पाय गाडीच्या मोकळ्या तळावर धाडधाड आपटत होता, तिथं नसलेला ब्रेक शोधत. अक्कानं उरलेल्या वेगात गाडी कठड्याकडं घेतली, दांडा ढकलला, तिच्या दंडाची शीर वर आली. बस हॉर्न देत बाजूनं गेली. गाडी थांबली. डाव्या हातानं हँडब्रेक. मी उडी मारून मागं गेले आणि ओढणी काढून येणाऱ्या गाड्यांना हलवायला लागले, त्यामुळं पुढचं मी अर्धं ऐकलं आणि अर्धं बघितलं.

अक्का घाईनं उतरली नाही. ती म्हणाली, आता दांडा तिथंच ओढून धरते जिथं मघाशी होता. तिनं तो ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं, सुरू झालं नाही. दांडा सोडला, किल्ली फिरवली. सुरू. बंद केलं, दांडा ओढला, किल्ली. कण्हणं. मग ती चाचांना म्हणाली, आता तुम्ही वाका आणि हातानं खालचं पेडल तेवढंच दाबा. चाचा तिच्या बाजूला येऊन दारातून वाकले, पेडल दाबलं. किल्ली. सुरू.

चाचा तसेच वाकलेले राहिले. मग उठले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "अक्का, ओढा. हळू. धरा. आता हात हलवू नका."

मी मागून ओरडून विचारलं काय झालं. मग रस्ता सोडून मी दोन पावलं पुढं आले आणि बघितलं. दांड्यापासून एक केबल बॉनेटच्या आत येते. अक्का दांडा ओढायची तशी ती केबल ताणून बोटभर वर उचलली जायची. तिच्यासोबत एक बारीक वायरही उचलली जायची, कारण मागच्या अंधाऱ्या बाजूला ती वायर आणि ती केबल एका काळ्या प्लास्टिकच्या पट्टीनं एकत्र बांधलेली होती. वायर कॅम सेन्सरची. चाचांनी ती दोन बोटांत धरून वाकवली. वरचं आवरण अखंड, आतली तार तुटलेली. केबल सैल असली की तारेची टोकं एकमेकांना टेकून राहायची. ताणली की सुटायची. पायाचं पेडल दुसऱ्या केबलवर चालतं, म्हणून त्याचा इथं कधी संबंधच आला नाही. आम्ही त्या वायरीच्या टोकाला एकामागून एक नवे सेन्सर लावत राहिलो, आणि दोष होता वायरीच्या वाटेत.

चाचांनी पट्टी कापून हातात घेतली. उलटीपालटी करून बघितली.

"ही माझीच हाय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. वायरी लोंबत होत्या, मी नीट बांधून दिल्या. दिसायला साफ दिसावं म्हणून."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. पट्टीवर काही नाव लिहिलेलं नव्हतं. माझ्या पत्रकाला हवा होता तसा पुरावा माझ्यासमोर उभा होता, स्वतःच्या तोंडानं कबुली देत, आणि मी त्यांच्यावर लावलेला आरोप तरीही खोटाच होता. सेन्सर खरे होते. मला माफी मागायची होती. मी म्हणाले, "गाड्या येतायत, लवकर करा," आणि पुन्हा मागं जाऊन ओढणी हलवायला लागले. माफी मी दुपारी गॅरेजवर मागितली, वाईट रीतीनं, त्यांची पाठ माझ्याकडं असताना. चाचा म्हणाले, माझ्या घरी पण एक मुलगी हाय, तुझ्यासारखीच. तिचं कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.

त्यांनी वायरीचा तो तुकडा काढून नवा घातला, वितळलेल्या कथिलाची झाळ लावली, आवरण चढवलं, आणि वायर केबलपासून एक वीत लांबून नेली. नंतर स्वतः सीटवर बसून, पाय वर घेऊन, चालू इंजिनावर दांडा पूर्ण ओढत आणि सोडत राहिले. मी मोजणं सोडून दिलं एवढ्या वेळा. संध्याकाळी अक्का पुन्हा पुलावर जाऊन आली, चाचा शेजारी. गाडी बंद पडली नाही.

घरी नायनांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सापडलं ते चांगलं झालं. मग म्हणाले, पण हे अजून कुठं तुटलं नसेल कशावरून? जुनी गाडी आहे, वर जोडकाम. आज एक वायर, उद्या दुसरी. पुढच्या वेळी ट्रक आरशावर थांबला नाही तर? मी लगेच बोलायला लागले, हक्क, स्वातंत्र्य, कुणाच्या खांद्यावर किती दिवस, असं बरंच. मला ते सगळं पाठ होतं, त्यांनीच शिकवलेलं. नायना माझ्याकडं बघतही नव्हते. ते अक्काच्या उजव्या दंडाकडं बघत होते. दांडा ढकलून ढकलून तो सुजला होता आणि ती त्याला तेल चोळत होती.

रविवारी दहाच्या सुमारास दुधनीचे व्यापारी आले. पांढरे कपडे, तोंडात पान, मराठीत मधूनमधून कानडी. त्यांनी गाडी बघितली, दांडा बघितला आणि नायनांना म्हणाले, हे लोखंड मी काढून टाकणार, गाडी तेवढी पाहिजे. नायना उंबऱ्यात उभे होते. त्यांनी काही सांगायच्या आत अक्का कुबड्या टेकत बाहेर आली.

"गाडी माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "मी विकत नाही."

व्यापाऱ्यांनी नायनांकडं बघितलं. "मग यजमान, मला कशाला बोलावलं हो एवढ्या लांबून?"

नायनांनी अक्काकडं बघितलं. मी त्यांचं भाषण कित्येकदा ऐकलंय, हजार माणसांसमोर ऐकलंय. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. तिला विचारलं नव्हतं. चहा घेऊन जा."

चहा झाला. पावसाचं, दुधनीच्या बाजाराचं बोलणं झालं. व्यापारी गेल्यावर नायना आत जाऊन खाटेवर पडले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. ते रागावलेत की लाजलेत, आम्ही दोघींनी आपसांतही बोलून बघितलं नाही. विजय झाल्यावर घोषणा द्यायच्या असतात असं मला वाटायचं. घरात भांड्यांचासुद्धा आवाज नव्हता.

सोमवारी सकाळी मी तिची पिशवी घेऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसले. अक्कानं कॅलिपर आत घेतला, दार लावलं आणि माझ्याकडं बघितलं. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती.

"उतर."

"आजच्या दिवस येते. मागं बघायला."

"मागं बघायला आरसा बसवलाय चाचांनी. उतर."

मी उतरले. गाडी बोळातून निघून गेली. नायना न्हाणीघरातून टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि दारातच उभे राहिले, मीही. कारखान्यात पोचायला तिला पाऊण तास लागतो. पुलापर्यंत वीस मिनिटं. आम्ही दोघंही मनात तीच वीस मिनिटं मोजत होतो आणि एकमेकांशी दूधवाल्याबद्दल बोलत होतो. आठ वाजले. ती पोचल्यावर कधी फोन करत नाही, त्या दिवशी करेल असं आम्हाला वाटलं होतं. सव्वाआठ झाले. नायना म्हणाले, लाव की. मी म्हणाले, तुम्ही लावा. साडेआठला त्यांनी लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. ते खाटेवर बसले आणि फोन दोन्ही हातांत धरून राहिले.

पावणेनऊला तिचाच फोन आला. पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट. नायनांनी विचारलं, पोचलीस का. तिचा आवाज इतका मोठा होता की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला.

"पोचले की. टेबलावर माल आलाय, हात भरलेत. असं कामाच्या वेळी लावत जाऊ नका."

नायनांनी फोन ठेवला आणि म्हणाले, ठीक. मग उठून अंघोळीला गेले. त्यांची अंघोळ आधीच झालेली होती.